प्रमाणपत्र पुरेसं आहे का?

प्रश्न : मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) सामन्यात वापरलेला बेसबॉल घेतोय. विक्रेता प्रमाणपत्र देतोय. विश्वास ठेवू?

उत्तर : नुसत्या कागदावर मुळीच नको, तो कोणीही छापतो. चेंडूवर लीगचा होलोग्राम आहे का बघा. २००१ पासून लीगचे प्रमाणक सामन्याला हजर असतात, बरेचसे आजी-माजी पोलीस. डोळ्यांदेखत वापरलेल्या वस्तूवरच ते होलोग्राम चिकटवतात. त्यावरचा क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकला की सामना, तारीख कळते. विक्रेत्याच्या गोष्टीशी ताडून बघा.

चेंडू पांढराशुभ्र असेल तर मला तरी शंका येते. सामन्याआधी प्रत्येक चेंडूला न्यू जर्सीतला खास चिखल चोळतात, कातडं किंचित मळकट दिसतं. अर्थात चिखल नंतरही चोळता येतो!

जुन्या बॅटचं मात्र वेगळं. तिथे होलोग्राम नसतो, म्हणून बॅटच्या लाकडावरच्या रेषा सामन्याच्या फोटोशी जुळवाव्या लागतात.