पुस्तक आधी की सिनेमा?

प्रश्न : ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर घरातच आहे. मुलाने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलंय, नणंदेने पुस्तकांची पिशवी आणून ठेवलीय. रोज एक पुस्तक आणि एक सिनेमा असा बेत आहे. जमेल का? आणि कादंबरीवरचा सिनेमा असेल तर आधी काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : रोज एक नको हो! आठवड्याभरात सगळ्याची खिचडी होईल आणि कोणाचं लग्न कोणाशी झालं तेही आठवणार नाही. गेल्या पावसाळ्यात सुनेच्या बाळंतपणामुळे मीही महिनाभर घरीच होते. बाळ झोपलं की वाचायचं, रात्री कानाला हेडफोन लावून सिनेमा. कादंबरी संपली की दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, मग तिच्यावरचा सिनेमा. लगेच पाहिला तर आपण फक्त काय गाळलं तेवढंच मोजत बसतो.

सुरुवात ‘बनगरवाडी’ने करा. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी छोटीशी आहे, दोन-तीन दुपारींत होते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर स्वतःच गोष्ट सांगतो. पालेकरांचा सिनेमा १९९५चा. पुस्तकात मास्तरच्या मनातली धाकधूक आपल्याला आतून कळते. पडद्यावर तोही वाडीतल्या माणसांमधला एक होतो. मला पुस्तकच जास्त आवडलं, पण तो उघडा माळ बघायला मिळाला याचा आनंद झाला.

‘सिंहासन’च्या बाबतीत मात्र उलटं करा. जब्बार पटेलांचा १९७९चा हा सिनेमा अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आहे, पटकथा तेंडुलकरांची. मंत्री, आमदार, कामगार पुढारी, पत्रकार अशी एवढी माणसं, की नुसतं वाचताना मी सारखी मागची पानं उलटत होते. सिनेमा पाहून पुन्हा कादंबरी घेतली, तेव्हा मुख्यमंत्री म्हणजे अरुण सरनाईक, दाभाडे म्हणजे डॉ. लागू, असे चेहरे हाताशी होते. आणि निळू फुले! एरवी टोपी तिरकी करून गावाला छळणारा हा माणूस इथे दिगू टिपणीस नावाचा पत्रकार आहे, बराच वेळ नुसता ऐकतो, बघतो. त्या बघण्यासाठी मी सिनेमा दुसऱ्यांदा लावला.

गोनीदांची ‘जैत रे जैत’ कोणत्याही क्रमाने चालेल. सिनेमात महानोरांची गाणी आणि हृदयनाथांचं संगीतच गोष्ट पुढे नेतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. फक्त हा सिनेमा बारीक आवाजात पाहू नका, ढोल वाजू देत.

रात्रीच्या गोळीनंतर काहीही लावू नका, मध्यंतराआधीच डोळा लागेल. आणि नणंदेच्या पिशवीत नेमकं काय आहे ते कळवलं नाहीत. आजारी माणसाला भेटायला येणारे हमखास पाचशे पानी ऐतिहासिक कादंबरी आणतात. ती आडवं पडून वाचायचीच नाही, मनगट दुखून येतं. टेबलाशी बसता येईपर्यंत राहू द्या कपाटात.