शनिवारी बँजो, रविवारी भजन

"मॅडम, पिक्चर बघणं, गाणी वाजवणं, हळदीत नाचणं हे पाप आहे का?"

मी धुळ्यात समुपदेशन करते. साक्री, नंदुरबार, नवापूर भागातली बरीच ख्रिस्ती मुलंमुली इथे शिकायला असतात आणि हा प्रश्न त्यांच्याकडून वेगवेगळ्या रूपात येत राहतो. कुणी नंदुरबारला गरब्यात दोन फेऱ्या मारून आलेली असते. कुणाला मित्राकडच्या गणपतीचा मोदक खाल्ल्याची टोचणी लागलेली असते. कुणाच्या मोबाइलमधली वेब सिरीज आईच्या हाती लागलेली असते. मी ख्रिस्ती नाही, आणि पाप कशाला म्हणायचं हे सांगणं माझं कामही नाही. पण या प्रश्नापायी एखाद्या पोराची झोप उडत असेल, तर ती माझ्या कामाची बाब आहे. म्हणून योहानबद्दल लिहिते. त्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची संमती आहे.

योहान २२ वर्षांचा. नवापूर तालुक्यातला, बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. वडील आश्रमशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आणि गावच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीत. लहानपणापासून रविवारच्या उपासनेत भजनांना कीबोर्डवर साथ करणारा हा मुलगा दोन वर्षांपासून एका बँजो पार्टीत वाजवत होता. लगीनसराईत गावोगाव हळदीच्या रात्री, अहिराणी, आदिवासी, गुजराती, जी फर्माईश येईल ती गाणी. घरी कुणालाही पत्ता नव्हता. पैसे कुठून येतात असं आईने विचारलं, तेव्हा "शिकवणी घेतो" म्हणून सांगून मोकळा झाला होता.

तो आला छातीतल्या धडधडीची तक्रार घेऊन. शनिवारी रात्री सुरू व्हायची, तळहात ओले व्हायचे. रविवारी पहिल्या भजनाला बोटं कापायची. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं. त्यात बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं, आणि पार्टीतल्या मित्रांनी जाहीर केलेलं, "ताईच्या हळदीला आपण फुकट वाजवणार!" म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच मांडवात येणार.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. योहान म्हणाला, "मी त्या हद्दीवरच्या बाकासारखा झालोय मॅडम. इकडचा का तिकडचा, मलाच कळत नाही."

पाप-पुण्याकडे वळण्याआधी मी त्याची झोप धरली. पहाटे तीनला परत यायचं, जागं राहायला रात्रभर चहा आणि एनर्जी ड्रिंक, आणि नऊला उपासना. अशा शरीरात धडधड वाढायला पापाची गरज नसते. उत्तेजक पेयं बंद केली, शनिवारची सुपारी घ्यायची नाही असं ठरलं. आठवड्याभरात धडधड कमी झाली. संपली मात्र नाही, आणि उरली ती खरी बोलण्याची गोष्ट होती.

मग त्याला एक कागद दिला. मनाला खाणारी प्रत्येक गोष्ट लिही आणि तिच्यापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिही: यात कुणाचं नुकसान झालं? आणि हे कळलं तर कोण रागावेल? त्याने लिहिलेल्या चौदा गोष्टींपैकी बहुतेकांपुढे दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर होतं. पप्पा, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू), मावशी. अहिराणी गाण्यावर नाचलो, थिएटरात रात्रीचा शो पाहिला, रील टाकली, होळीला मित्रांसोबत ढोल ऐकत बसलो: नुकसान कुणाचंच नाही. पण दोन ओळींपाशी त्याचं पेन थांबलं. एक, आईशी शिकवणीचं खोटं बोललो. दुसरी, एका हळदीला स्वतः बिअर पिऊन मित्राला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. ती ओळ त्याने खोडली आणि पुन्हा लिहिली.

त्या कागदामुळे पुढचं काम सोपं झालं. बारा गोष्टींत पकडलं जाण्याची भीती होती, दोन गोष्टींत सदसद्विवेकाची टोचणी. दोन्हींनी छाती सारखीच धडधडते, म्हणून त्या एकच वाटतात. भीतीवर उपाय म्हणजे लपवाछपवी संपवणं. टोचणीवर उपाय म्हणजे कबूल करणं आणि ती गोष्ट पुन्हा न करणं. तरुण मुलांशी बोलणाऱ्या प्रत्येकाने हा फरक आधी करावा असं मला मनापासून वाटतं. सरसकट "काही पाप-बिप नसतं रे" म्हणून उडवून लावलं, तर पोराची खरी टोचणीही आपण उडवून लावतो आणि त्याला एकटं पाडतो.

वडिलांशी बोलायचं ठरलं. कधी आणि कसं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. रविवारी उपासनेनंतर नाही, लग्नाच्या याद्या चालू असताना नाही. शेतावर जाताना, दोघंच असताना. आधी खोटं कबूल करायचं, मग बँजोचं सांगायचं. बायबलमधली वचनं काढून वाद घालायचा नाही. पहिलं वाक्य त्याने माझ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहिलं: "पप्पा, मी तुमच्याशी खोटं बोललोय आणि ते मला झेपत नाहीये."

पुढच्या भेटीला वडीलच त्याच्यासोबत आले. खुर्चीवर टोकाला बसले. माझ्याशी बोलले, मुलाकडे न बघता. "ताई, याचे मोठे काका ढोल वाजवायचे. असा हात पंचक्रोशीत नव्हता. प्रत्येक लग्नात लोक न्यायचे आणि पैशाऐवजी मोहाची दारू पाजायचे. चौतिसाव्या वर्षी गेला. हा कीबोर्डवर बसतो ना, तेव्हा याची बोटं बघून मला तोच दिसतो."

काका काविळीने गेले, एवढंच योहानला माहीत होतं. लिव्हर दारूने गेलं होतं हे घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

त्या भागात मिशनचं काम सुरू होऊन शंभरावर वर्षं झाली. गुरुजींच्या, म्हणजे योहानच्या वडिलांच्या, घरात आजोबांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला तेव्हा ढोल आणि दारू एकदमच सोडली होती, कारण त्यांच्यासाठी ती एकाच रात्रीची दोन नावं होती. नातवापर्यंत नियम पोचला, त्यामागचं कारण वाटेत राहिलं. नुसता नियम हाती आलेली मुलं तो चोरून मोडतात. कारण कळलं तर निदान बोलता येतं. गुरुजींना मी एवढंच विचारलं, "तुम्हाला भीती गाण्याची आहे की बाटलीची?" ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बाटलीची. पण गाणंही मला आवडत नाही, हे खरं सांगतो." मला ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं. आईवडिलांना एखादी गोष्ट न आवडणं आणि ती पाप असणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारे वडील मला कमी भेटतात.

श्रद्धेचा प्रश्न योहानने पाळकसाहेबांकडे नेला, तिथेच तो न्यायला हवा होता. त्यांनी त्याच्यासोबत बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र वाचलं, आठवा अध्याय, मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दलचा. खाल्ल्याने वा न खाल्ल्याने देवाजवळचं आपलं स्थान बदलत नाही, पण आपल्या मोकळिकीमुळे एखादा दुबळा भाऊ अडखळत असेल तर त्याचा विचार कर, असा त्याचा रोख आहे. योहानला लगेच तो मोटारसायकलवरचा मित्र आठवला. त्याने दारू सोडली आणि पार्टीतही सांगितलं, "वाजवून झाल्यावर पिणाऱ्याच्या गाडीवर मी बसणार नाही." गुरुजींनी आपली अट जोडली: कितीही वाजोत, मला फोन करायचा, मी न्यायला येईन.

आणि हळद? एवढ्या चर्चेत जिचं लग्न तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी योहानला तेच विचारलं. ताईने सांगितलं, सासरचे कडक आहेत, हळदीला बँजो नको, पण तुझे मित्र जेवायला आलेच पाहिजेत. ते आले. चर्चमध्ये शेवटच्या बाकांवर बसले. गुरुजींनी स्वतः त्यांना पंगतीत वाढलं.

सगळं गोड झालं असं नाही. बातमी पसरल्यावर कमिटीतल्या एकांनी हरकत घेतली आणि उपासनेतला कीबोर्ड काही महिन्यांसाठी दुसऱ्या मुलीकडे गेला. योहान माझ्यासमोर रडला. ज्या मंडळीत वाढलो तिने मला बाजूला बसवलं, हे दुःख खरं होतं आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नव्हता. गुरुजी मात्र त्या रविवारी पुढची आपली जागा सोडून त्याच्या शेजारी बसले.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कधी कधी टोचणी थांबतच नाही. एकच प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून तासन्‌तास पुन्हा पुन्हा म्हणणं, त्याच त्या गोष्टीची रोज कबुली देणं, मनात नको ते विचार आले म्हणून खाणंपिणं सुटणं. हा मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्यावर औषधं आणि थेरपी दोन्ही आहेत आणि तो कमी विश्वासामुळे होत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

योहानची शनिवारची धडधड आता गेली आहे. तो अजूनही वाजवतो, गुरुजींनी अजून त्याची पार्टी एकदाही ऐकलेली नाही. सध्या तो माझ्याकडे येतो तो दोन राहिलेल्या विषयांसाठी, कारण लगीनसराई आणि परीक्षा एकाच वेळी येतात आणि वेळापत्रक काही जुळत नाही.