रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांघिक स्पर्धेतून संशोधनकौशल्ये शिकवता येतात का?

येतात, मात्र गुण केवळ अंतिम उत्तराला दिले, तर स्पर्धेची प्रश्नमंजूषा होते आणि संशोधन बाजूलाच राहते. उदाहरणार्थ, गटांना सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक अनहायड्राइड यांपासून ॲस्पिरिन तयार करायला सांगावे, पण छापील कृती देऊ नये. संदर्भ शोधणे, प्रमाणे व उत्प्रेरक ठरवणे आणि धोक्यांचा अंदाज घेणे ही कामे गटानेच करावीत, व शिक्षकाने आराखडा तपासल्याशिवाय प्रयोग सुरू करू देऊ नये. उत्पादन भरपूर मिळाले म्हणजे जिंकलो, असे बहुतेकांना वाटते. परंतु फेरिक क्लोराइड टाकताच जांभळा रंग उमटला, की सॅलिसिलिक आम्ल शिल्लक असल्याचे कळते आणि द्रवणांकही शुद्ध ॲस्पिरिनच्या सुमारे १३५ अंश सेल्सिअसच्या खाली घसरलेला आढळतो. माझ्या मते खरी कसोटी यापुढे आहे: प्रत्येक गटाची नोंदवही दुसऱ्या गटाला देऊन तोच प्रयोग करायला लावावा आणि निष्कर्ष जुळल्यास गुण मूळ गटाला द्यावेत. नोंदी नीट ठेवा, हे दहा व्याख्याने देऊनही (अनुभवाने सांगतो) पटत नाही, ते येथे एका दुपारीत पटते. एकाच हुशार विद्यार्थ्यावर भार पडू नये म्हणून तोंडी परीक्षेत उत्तर कोणी द्यायचे, हे चिठ्ठी टाकून ठरवावे.