थोरलीला घाई, धाकट्याला थांबा?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. दोघांचेही वरचे दात पुढे, हनुवटी मागे. थेट माझ्या सासऱ्यांचं वळण. डॉक्टरांनी मुलीला लगेच ‘ट्विन ब्लॉक’ (खालचा जबडा पुढे धरणारं, काढता-घालता येणारं दातांवरचं उपकरण) सांगितला, मुलाला मात्र ‘अजून काही वर्षं थांबा’. लहानपणी हाडं मऊ असतात ना, मग आधी त्याचं नको का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. प्रश्न हाडाच्या मऊपणाचा नाही, वाढीच्या वेगाचा आहे. कवटीची वाढ सात-आठ वर्षांपर्यंत बरीचशी आटोपते. खालचा जबडा मात्र वरच्या जबड्याच्याही नंतर वाढत राहतो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतं ते त्या वाढीचं एक मुख्य ठिकाण. उंची झपाट्याने वाढते, साधारण तेव्हाच खालच्या जबड्यालाही वेग येतो. मुलींमध्ये बहुधा १० ते १२, मुलग्यांमध्ये १२ ते १४ या वयात. पाळी सुरू होईपर्यंत तो भर ओसरू लागलेला असतो, म्हणून थोरलीची घाई.

मी जन्मतारखेआधी गणवेश विचारते. जूनमध्ये शिवलेला दिवाळीत आखूड झाला का? मग बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेचे मणके बघते. त्यांच्या आकारावरून वाढीचा टप्पा कळतो.

ट्विन ब्लॉक ही स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांची १९७७ मधली युक्ती. चांगली आहे, पण जादू नाही. बराचसा फरक दात कलल्यामुळे पडतो, जबड्याचा वाटा काही मिलिमीटरचा. आजोबांची हनुवटी पुरती पुसली जाणार नाही, हे मुलीला आधीच सांगा. जवळजवळ दिवसभर घालायची वस्तू आहे. मिसळ खाताना कागदी रुमालात गुंडाळलेले ब्लॉक टेबलावरून थेट कचऱ्यात जातात; डबी दप्तरातच हवी.

मुलाला आत्ता लावलं तरी शेवटचा निकाल बहुधा तोच येतो, नुसते उपचार लांबतात आणि पोरं कंटाळतात. एकच फायदा : पडल्यावर पुढचे दात तुटण्याचा धोका थोडा कमी होतो. तो सायकलवरून सारखा आपटत असेल, तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. याउलट त्याचा खालचा जबडा पुढे असता, तर मीच ‘आत्ताच या’ म्हटलं असतं. वरचा जबडा पुढे ओढायला हेच वय सोयीचं.

तूर्त भिंतीवर त्याची उंची दर तीन महिन्यांनी मांडत जा. खुणांमधलं अंतर वाढायला लागलं की अपॉइंटमेंट घ्या.