पीठगिरणीत ऑटोमॅटिक बॅगिंग मशीन घेतलं तर हमाल कमी होतील का, आणि खर्च किती वर्षांत निघेल?

तुम्ही लिहिलंय की रोजचं 10 टन दळण आहे, 50 किलोची पोती जातात, पोत्यात वजन कमी भरल्याच्या तक्रारी येतात आणि हमालांवर आता भरवसा राहिलेला नाही. शेवटची ओळ वाचली नसती तर मी पुढे गेलो असतो. ती वाचली आणि थांबलो.

आधी सरळ हिशेब. 10 टन म्हणजे 200 पोती, आठ तासांत तासाला 25. एका तोंडाचं (पीठ जिथून पोत्यात पडतं ते तोंड) साधं सेमी-ऑटोमॅटिक मशीन मिनिटाला तीन-चार पोती आरामात भरतं. म्हणजे तुमचा दिवसाचा माल तासाभरात उरकेल आणि उरलेला दिवस मशीन नुसतं उभं राहील. तेव्हा रिकामं पोतं स्वतः उचलणारं, शिवणारं, थप्पी लावणारं पूर्ण ऑटोमॅटिक तुमच्या कामाचं नाही, विकणारा काही का म्हणेना. आणि माणसं? भरणारी एक-दोन कमी होतील, उचलणारी तेवढीच लागतील. ट्रक काही मशीन भरत नाही.

आता वजन कमी भरण्याचं.

आमची गिरणी ग्वाल्हेरला, महाराजपुऱ्याच्या बाजूला. मी आणि माझे मेव्हणे भागीदार. खरेदी-विक्री, दाल बाजारातली उधारी-वसुली सगळं त्यांच्याकडे, यंत्रं माझ्याकडे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पॅकबंद पिठावर 5 टक्के जीएसटी लागला, तेव्हा अनेकांनी केलं तेच आम्ही केलं: 25 ची पिशवी बंद करून 30 किलोची सुरू केली. 50 चं गिऱ्हाईकही हळूहळू 30 वर आलं. आता 50 च्या जागी 30 म्हणजे तेवढ्याच मालाला जवळपास पावणेदोन पट पोती. संध्याकाळी ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि पोती निघत नाहीत. मेव्हण्यांनी ऑपरेटरला सांगून मशीनचा स्पीड वाढवून घेतला. मी तेव्हा दतियाला दुसऱ्या कामात अडकलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात धौलपूरच्या व्यापाऱ्याचा फोन. 30 ची पोती 29.7 भरताहेत. सगळी नाही, मधलीच काही. मेव्हण्यांनी नोंदी काढल्या तर कमी भरलेली पोती बहुतेक जेवणाच्या सुट्टीआधीची आणि शिफ्ट संपतानाची. झालं! त्या वेळी तोंडावर उभे असणारे पल्लेदार, म्हणजे तुमचे हमाल, चोर ठरले. पिठाचा धुरळा अंगावर घेऊन दिवसभर राबणारी माणसं टोपलीभर आटा पंच्यात बांधून नेतात, असा तर्क. मेव्हण्यांनी गेटवर झडती लावली, काही सापडलं नाही, तरी टोळीची मजुरी कापली. मी विचारलं, काय आधारावर? तर म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." आणि पुरावा म्हणून नाप-तौल विभागाचा त्या वर्षीचा शिक्का दाखवला. वर 20 किलोचं तपासणीचं वजन क्लॅम्पला, म्हणजे पोतं धरणाऱ्या चिमट्याला, टांगून दाखवलं. डिस्प्लेवर बरोबर 20.00.

काटा खरा होता, त्याबद्दल वाद नाही.

आमचे एक मिलवाले स्नेही म्हणाले, अहो हे सुकणं आहे. तेही अगदीच चूक नव्हतं. दळण्याआधी गव्हाला पाणी दिलेलं असतं, पीठ गरम आणि ओलसर निघतं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि बाहेर लू. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यातून ओल उडतेच. 13 टक्के ओलाव्याचं पीठ 12 वर आलं की 30 किलोमागे सुमारे 340 ग्रॅम हवेत गेले. पण सुकायला पोतं गोदामात पडून राहावं लागतं. मी तोंडावरून उतरलेलं पोतं, शिलाई व्हायच्या आधीच, बाजूच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवायला लावलं. जेवणाआधीच्या तासात तिथेच 29.7. पीठ सुकायला वेळ नाही आणि चोरायला तर त्याहून नाही.

मग सुट्टीत सगळे जेवायला गेल्यावर बिन, म्हणजे मशीनच्या वरची पिठाची टाकी, रिकामं करून घेतलं. तोंडाला रिकामं पोतं लावलं, पीठ सोडणारं बिनखालचं गेट हाताने उघडं ठेवलं. डिस्प्ले शून्य. ऑपरेटरला वरचा ब्लोअर, हवा फेकणारा पंखा, चालू करायला सांगितला. 0.28. बंद करायला सांगितला, शून्य. पुन्हा चालू, पुन्हा 0.28. पोत्यात चमचाभर पीठ नाही आणि काटा पावशेराहून जास्त दाखवतोय! ऑपरेटर वरून ओरडून विचारत होता, काय झालं, आणि मी खाली डिस्प्लेचा फोटो काढत होतो.

झालं होतं ते असं. आमच्याकडे पीठ हवेच्या जोरावर पाइपातून वरच्या बिनमध्ये येतं. ती हवा बिनच्या डोक्यावरच्या फिल्टरच्या पिशव्यांमधून बाहेर पडायला हवी. पिशव्या पिठाने लिंपून गच्च झालेल्या, कुणी झाडल्या नव्हत्या. मग हवा खालून वाट काढते, पीठ पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमधून, गेटमधून. बिन भरलेलं असलं तर पिठाचंच बूच बसतं, हवा येत नाही, वजन बरोबर. बिन तळाला गेलं, म्हणजे जेवणाआधी आणि शिफ्ट संपताना, की हवा खाली. आणि गेट व क्लॅम्प यांच्या मधली कापडी बाही फाटली म्हणून मेव्हण्यांनी तिथे ताडपत्रीचा तुकडा तारेने आवळून बसवला होता. ना हवा झिरपायला वाव, ना ढिलाई. अख्खा दाब क्लॅम्पवर, क्लॅम्प लोड सेलवर, म्हणजे वजन टिपणाऱ्या भागावर. मशीनला वाटायचं 30 झाले, की गेट बंद. टेअर घेताना, म्हणजे रिकाम्या पोत्यावर काटा शून्य करताना, गेट बंदच असतं, 20 किलोचं वजन टांगतानाही बंद होतं. म्हणून तेव्हा सगळं सोवळं.

तुम्ही म्हणाल, भरून झाल्यावर मशीन पुन्हा वजन बघत नाही का? बघतं. गेट बंद झाल्यावर क्षणभर थांबून खरं वजन तपासायचं आणि कमी असलं तर पोतं सोडायचं नाही, अशी सोय आमच्याही कंट्रोलरमध्ये होती. ती बंद केलेली होती. स्पीड वाढवायला! म्हणजे खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांनीच आधी मशीनचं तोंड बांधलं होतं.

फिल्टरच्या पिशव्या बदलल्या, ढिल्या जाड कापडाची बाही शिवून घेतली, बिनमध्ये खालच्या पातळीचा सेन्सर बसवला म्हणजे पीठ त्याखाली गेलं की भरणं थांबतं, आणि ती तपासणी पुन्हा चालू केली. मिनिटामागे अर्धं पोतं कमी निघतं. धौलपूरचा फोन मात्र परत आला नाही. मेव्हणे आजही चारचौघांत सांगतात की झडती लावल्यावर वजन सुधारलं. कापलेली मजुरी दिवाळीत दिली, पण बोनस म्हणून. मेव्हणे, हे वाचत असाल तर 0.28 चा फोटो माझ्याकडे अजून आहे.

तुमच्याकडे मशीन नाही, मग हे सगळं कशाला ऐकवतोय? कारण तुम्ही मशीन घेताय ते माणसांवर नजर ठेवायला. त्या कामाला ते निरुपयोगी आहे. हाताने भरतानाही वजन कमी येत असेल तर आधी शोधा की तोंडावर कमी आहे की गोदामातून निघताना. भरल्या भरल्या काही पोती मोजा, त्यांवर खूण करा, आठवड्याने तीच पोती पुन्हा मोजा. दोन्हींत फरक पडला तर पीठ सुकतंय, मजुरी कापून ते ओलं होणार नाही. भरतानाच कमी असेल तर काटा बघा, काट्याखालची फरशी बघा, काट्याला टेकणारी पोत्यांची थप्पी बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दर 12 महिन्यांनी असतेच, पण शिक्का बसला त्या दिवशी काटा भिंतीला टेकलेला नव्हता, एवढंच त्यातून कळतं. माणसावर संशय सगळ्यात शेवटी.

तरी घ्यायचंच असेल तर पैसा मशीनच्या वरच्या भागावर घाला. बिनला उतार चांगला हवा, आत ढवळणी हवी. पावसाळ्यात पीठ कमान धरून अडकतं आणि मग ऑपरेटर हातोडा उचलतो. कुठल्याही जुन्या गिरणीत जा, बिनच्या पोटावर पोचे दिसतील, काही जुने काळवंडलेले, काही चकचकीत ताजे. प्रत्येक ठोका खाली लोड सेललाही पोचतो. डेमोला विकणाऱ्याचं पीठ नको, तुमचं न्या, आणि बिन तळाला आल्यावरची शेवटची पोती मोजा. पहिली दहा कुणीही बरोबर भरून दाखवतो.

शिलाईकडेही बघा. मशीन मिनिटाला चार भरणार आणि तुमचा माणूस टांगलेल्या शिलाई मशीनवर दोन शिवणार, तर तोंडाखाली ढीग. पोती पुढे नेणारा पट्टा योग्य उंचीवर असला तर निम्मं काम तिथेच होतं.

खर्च किती वर्षांत निघेल याचं सरळ उत्तर माझ्याकडून होणार नाही, तुमची मजुरी तुम्हाला ठाऊक. मात्र एक धरा: मशीनवर 18 टक्के जीएसटी आहे, आणि तुमचा माल 25 किलोच्या वरचा म्हणजे करमुक्त असेल तर त्या 18 टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या करातून वजावट, मिळत नाही. विकणारे ते मिळेल असं धरून, किमतीतून वजा करून हिशेब दाखवतात. सीएला विचारून मग सही करा.

हे सगळं मोठ्या पोत्यांचं झालं. 5 आणि 10 किलोच्या पिशव्या काढणार असाल तर माझं वरचं मत उलटं धरा. 10 टनांच्या 5 किलोच्या 2000 पिशव्या हाताने भरणं वेडेपणा आहे, तिथे मशीन हवंच. तिथे कायदाही वेगळा लागतो: 10 किलोची एखादी पिशवी 150 ग्रॅमपर्यंत इकडे-तिकडे चालते, पण तपासलेल्या पिशव्यांची सरासरी छापील वजनाहून कमी चालत नाही, तेव्हा उन्हाळ्यात सुकण्यापुरतं थोडं जास्तच भरावं लागतं. आणि मैदा-रव्याचं मला विचारू नका. रवा सरळ पडतो, त्याचे नखरे कमी. मैदा आमच्याकडे अजून हातानेच भरतो, त्याच टोळीकडून.