कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅटच्या आधी हे तपासा

फॉरमॅट मारायची घाई करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, डिस्क आणि मेमरी किती वापरात आहे ते तिथे दिसतं. काहीच काम चालू नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर दिसतेय आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे? मग दोष बहुतेक तिचाच. फिरत्या तबकडीवर विखुरलेल्या छोट्या फाइली शोधण्यात तिचा वेळ जातो. बॅकअप घेऊन एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. मेमरी (रॅम) सतत भरलेली असेल तर ४ जीबीची रॅम ८ करा, पण डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे वेगळे प्रकार आहेत, डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही, आधी बघून घ्या. स्टार्टअपमधले, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणारे, नको ते प्रोग्राम बंद करा. आणि ‘बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर कृपया टाकूच नका, तीच मागे चालत राहून मेमरी खातात.