मॅनिफोल्ड बसवल्यावर आयडल 1800 ला अडकलंय, तर वॉल्व्ह नंतर घ्या, आधी हवा कुठून घुसतेय ते धरा

सेलूवाले दादा, तुमचं सगळं वाचलं, फोटोही मोठे करून बघितले. हेड गॅसकेट गेलं म्हणून हेड खोललं, फेसिंग करून (तोंड सपाट घासून) आणलं, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा फाट्यांचा पाईप) परत बसवला आणि आता ऑल्टो गरम झाली तरी आयडल (एक्सलेटर न दाबता इंजिनाचे फेरे) 1800 आरपीएमच्या खाली टिकतच नाही, मधूनच 1200 ला पडते आन परत वर चढते. मिस्त्री म्हणतोय आयडल एअर वॉल्व्ह गेला, नवा आणा. माझं ऐकाल तर आत्ता त्या वॉल्व्हवर एक रुपया घालू नका. हेड खोलायच्या आधी आयडल बरोबर होतं हे तुम्हीच लिहिलंय, मग गाडी नुसती उभी असताना वॉल्व्ह कामून खराब होईल? ज्याला हात लागला ते मॅनिफोल्ड, त्याचे होज आणि केबल, तर संशय आधी तिथंच.

नेमकं काय होतंय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. आयडलला थ्रॉटलची (हवेच्या वाटेवरची, एक्सलेटरनं उघडणारी) पाकळी जवळपास बंद असते आणि लागणारी थोडीशी हवा तो वॉल्व्ह बाजूच्या वाटेनं सोडतो. तुमच्या गाडीत हवा मोजायला मॅप सेन्सर आहे, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमधला दाब बघून पेट्रोल ठरवतो. मॅनिफोल्डच्या जोडातल्या पॅकिंगमधून किंवा फाटक्या होजमधून जास्तीची हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं लोड आला, तो पेट्रोल पण वाढवतो आणि गाडी आपोआप रेसमध्ये राहते. मग ईसीयू वॉल्व्ह पूर्ण बंद करून बघतो, तरी आरपीएम उतरत नाही, पाकळी बंद आणि आरपीएम जास्त म्हणजे उतारावर सोडलेली गाडी समजून तो पेट्रोल तोडतो, आरपीएम पडलं की परत चालू करतो. तुमचं ते 1200 ते 1800 वरखाली होणं हेच आहे. वॉल्व्ह बिचारा आपलं काम करतोय.

सगळ्यात आधी एक्सलेटर केबल बघा, कारण हे दोन मिनिटाचं काम आहे आणि लई जणांचं इथंच निघतं. परत बसवताना केबल जास्त ताणली गेली की पाकळी केसभर उघडी राहते. केबलला थोडी ढील पाहिजेच. आणि पाकळीच्या स्टॉपरचा जो छोटा स्क्रू असतो त्याला कुणालाही हात लावू देऊ नका, तो कंपनीतून सेट होऊन येतो, तो फिरवून आयडल उतरवलं की खरा दोष झाकला जातो आणि नंतर सापडायला अवघड होतो. सोबतच कूलंट टेंपरेचर सेन्सरचं सॉकेट बसलंय का तेही बघा, ते सुटं राहिलं तर ईसीयू इंजिन गारच समजतो.

आता खरी परीक्षा. इंजिन पूर्ण गरम करा, एसी-लाईट बंद, एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाईप काढा. थ्रॉटलच्या तोंडात पाकळीच्या अलीकडं एक छोटं भोक दिसेल, वॉल्व्हची हवा तिथून जाते (काही गाड्यांत त्याला वेगळा होज असतो, मग तो चिमटीत दाबायचा). त्यावर बोट ठेवा. आरपीएम धपकन पडलं किंवा गाडी बंद पडली तर हवा वॉल्व्हमधूनच जात होती, मग वॉल्व्ह आणि वायरिंग तपासायचं. काहीच फरक पडला नाही तर हवा दुसरीकडून येतेय, नवा वॉल्व्ह लावून काडीचा उपयोग नाही. स्कॅनर असला तर मॅप सेन्सरचा आकडाही बघा, गरम आयडलला साधारण 30 ते 40 किलोपास्कल पाहिजे, तुमचा बराच जास्त येईल असं वाटतं. कुणाकडं व्हॅक्युम गेज असलं तर पुस्तकातले 18 ते 21 इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात हे ध्यानात ठेवा. लातूर-संभाजीनगर साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहेत, तिथं चांगलं इंजिनसुद्धा दीड-दोन इंच कमी दाखवतं, परभणीकडं त्याहून थोडा कमी फरक.

गळती कुठंय ते शोधायला कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मॅनिफोल्डच्या जोडावर एकेका ठिकाणी मारा आणि आवाज ऐका. जिथं मारल्यावर आयडल बदललं तिथं भोक. पण एक्झॉस्टवर आणि प्लग वायरींवर उडू देऊ नका, आग लागते, बाजूला अग्निशामक नाहीतर वाळूची बादली ठेवाच. होज एकेक दाबून बघा: ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढणारा), मॅप सेन्सरचा, पेट्रोल वाफेच्या कॅनिस्टरचा. आपल्याकडं मे महिन्यात 43-44 डिग्री, त्यात बोनेटखालची उष्णता, जुनं रबर कडक होऊन वाकलेल्या जागी खालच्या बाजूनं चिरतं, वरून बघून कळत नाही, बोट फिरवावं लागतं. इंजेक्टरच्या खालच्या रबरी रिंगाही विसरू नका, जुन्याच बसवल्या असतील तर तिथूनही हवा ओढते.

पॅकिंगच निघालं तर मॅनिफोल्ड परत काढावा लागेल, आणि या वेळेस घाई नको. काढायच्या आधी पाणी हेडच्या लेव्हलखाली उतरवा. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं खरडा, ग्राइंडर किंवा सँडपेपर अजिबात नाही, अॅल्युमिनियमवर खड्डा पडतो आणि घासल्याची बारीक पूड इंजिनात गेली तर बेअरिंग खाते. पोर्टमध्ये चिंध्या कोंबा आणि किती कोंबल्या ते मोजून ठेवा. मग सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून दोन्ही तोंडं तपासा, 0.10 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंग. तुम्ही हेडच्या खालच्या तोंडाचं फेसिंग केलं, मॅनिफोल्डच्या बाजूचं तोंड कुणी बघितलं का हा प्रश्न मला पडलाय.

पॅकिंग नवं आणि कोरडं. सिलिकॉन थापून बसवायची आपल्याकडं सवयच पडलीय, पण आत दाबलेलं सिलिकॉन सुटून इंजिनात ओढलं जातं आणि साध्या सिलिकॉनच्या वाफेनं ऑक्सिजन सेन्सर जातो. सगळे नट आधी हातानं लावा, मग मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेनं, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. आठच्या बोल्टला साधारण 20-23 न्यूटन मीटर पुरतं, तरी मॅन्युअलमधला आकडाच धरा. जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकत बसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या तिसऱ्या फोटोत मॅनिफोल्डखाली सपोर्टची पट्टी दिसते, तिचा बोल्ट शेवटी आवळायचा. ती आधी आवळली की मॅनिफोल्ड खाली ओढला जातो आणि पॅकिंग एका कडेला उघडं राहतं, मग वरचे नट कितीही आवळा. मला तुमच्या गाडीत हेच झाल्याचा सगळ्यात जास्त संशय आहे.

वॉल्व्ह काढलाच आहे तर साफ करून घ्या. फोटोत चार वायरी दिसतायत म्हणजे स्टेपर मोटरवाला, त्याची पुढची टोकदार पिन हातानं दाबायची नाही, ओढायचीही नाही, आतले आटे तुटतात. टोक खाली धरून थ्रॉटल क्लीनर मारा म्हणजे मोटरीत ओघळ जाणार नाही, आणि त्याची बसायची जागा पण पुसा, निम्मा कार्बन तिथंच असतो. वॉल्व्ह बाहेर असताना सॉकेट लावून चावी ऑन करू नका, पिन पुढं जात जात निखळते. ओरिंग नवी लावा.

पाणी भरताना बोअरचं टाकू नका. क्षारांनी मॅनिफोल्डच्या आणि हेडच्या पाण्याच्या वाटा बुजतात आणि गंजतात, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला, आपल्याकडं बर्फ पडत नसलं तरी गंज रोखायला कूलंट लागतोच. हवा नीट काढा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत तसंच चालू ठेवा. मग बॅटरीचा निगेटिव्ह थोडा वेळ काढून लावा, गरम इंजिनला काही मिनिटं एक्सलेटरला पाय न लावता चालू द्या, नंतर एसी लावून बघा. आयडल 850 च्या आसपास येऊन एसीला किंचित वर गेलं की वॉल्व्ह ठणठणीत आहे.

आज फक्त केबल आणि बोटाची परीक्षा करा, आणि बोट ठेवल्यावर काय झालं ते मॅपच्या आकड्यासकट इथं टाका. सपोर्टच्या पट्टीचा बोल्ट ढिला केल्यावर आवाजात फरक पडतो का तेही सांगा.